कपाटवाल्या काकूंचा कान

गल्लीच्या तोंडाशी कुणालाही कपाटवाले काका विचारले, की बोट थेट पिवळ्या दाराकडे वळायचं. त्यामुळे व्हायचं असं, की अधूनमधून एखादं नवं लग्न झालेलं जोडपं त्या दारात उभं राही आणि तीन दारांचं, आरशाचं कपाट कितीला पडेल म्हणून विचारी. काका चष्मा कपाळावर चढवून त्यांना आदराने आत घेत, घरभर भिंतींशी उभ्या असलेल्या सात कपाटांपैकी एकाचं झाकण उचलत, बाजूच्या किल्लीने चावी भरत आणि तबकडीवर सुई ठेवत. कपडे ठेवायची सोय बघायला आलेली ती दोन माणसं शंभर वर्षांपूर्वीचं गाणं ऐकून, चहा पिऊन, रिकाम्या हाताने परत जात. काका खूश. चहा काकूंच्या हातचा, हे निराळं सांगायला नको.

हे कपाटी फोनोग्राफ. चित्रात दिसतो तसा फुलासारखा भोंगा यांना नसतो. भोंगा कपाटाच्या पोटात दडवलेला असतो आणि त्याच्या तोंडाशी दोन लहान दारं. दारं उघडली की आवाज मोठा, लोटली की बारीक. खाली तबकड्या ठेवायचा कप्पा. वस्तू कमरेइतकी उंच, लाकूड भारी, वजन एवढं की एकदा जिथे ठेवली तिथे तिने मुळं धरलीच म्हणून समजा.

पहिलं कपाट काकांनी आणलं ते भंगाराच्या हातगाडीवरून. उंदरांनी त्यात संसार मांडला होता. "नुसतं बघायला आणलंय," असं ते तेव्हा म्हणाले होते. त्या बघण्यात लेक शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून सासरी गेली, आणि तिच्या रिकाम्या खोलीत आणखी तीन कपाटं बघायला आली. जावई पहिल्यांदा मुक्कामाला आला तेव्हा बिचारा दोन भोंग्यांच्या मध्ये पाय मुडपून झोपला होता.

काका नोकरीत असताना वजनमापं तपासत. बाजारात त्यांचा दरारा होता. तराजूच्या पारड्याखाली कुणी चिंचोक्याएवढं मेण चिकटवलेलं असलं तरी त्यांना लांबून कळे. निवृत्तीनंतर तीच नजर जुन्या यंत्रांवर बसली. लांबलांबून माणसं आपापली कपाटं दाखवायला येत. घरात जुनी वस्तू निघाली की माणसाला वाटतं घबाड निघालं. काका काही न बोलता आधी झाकण उघडून आत नाक घालत. नवं पॉलिश बाहेरून कितीही चकाको, आतला वास खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग स्क्रू बघत. स्क्रूच्या खाचेच्या कडा शाबूत असतील तर यंत्र अस्पर्शित, आणि कडा खरवडलेल्या असतील तर काकांचा निकाल ठरलेला: "कुणा अडाण्याने हात लावलाय." पुढे किंमत सांगत, ती मालकाने मनात धरलेल्या आकड्याच्या पासंगालाही पुरायची नाही. मालक हिरमुसला होऊन निघे. काकूंना वाटे, निदान चहाच्या आधी तरी सांगू नये.

काकू देवभक्त. त्यांची भक्ती मोठी, पण मागणंही मोठं. शिवाय त्यांना देवाशी मनातल्या मनात बोलता येत नसे. ओठ हलले नाहीत तर मागणं वरपर्यंत पोचत नाही, असा त्यांचा पक्का समज. त्यामुळे सकाळी देवापुढे बसल्या की सगळं पुटपुटत सांगायच्या: लेकीला सांभाळ, जावयाचं पोट सांभाळ, शेजारणीला जरा समज दे, आणि शेवटी हात घट्ट जोडून, "माझ्या या सात घोडनवऱ्यांना कुठेतरी चांगलं स्थळ बघ रे बाबा." बाहेर त्याच वेळी एखादी घोडनवरी गात असायची. तेव्हा कुणी ऐकेल ही भीती नव्हती.

आणि एके दिवशी स्थळ खरोखरच चालून आलं.

गावातल्या वाचनालयाने वरचा मजला नवा बांधला होता. तिथे एक दालन जुन्या यंत्रांसाठी ठेवायचं असं चिटणीसांच्या मनात होतं. डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरच्या दिवंगत डॉक्टरांच्या पत्नींनी, आपल्या घरचं कपाट वाचनालयाला द्यायचं कबूल केलं. ते दुरुस्त करायला काकांकडे आलं. ठरलं असं, की रविवारी सभासदांपुढे ते वाजवून दाखवायचं. सगळ्यांना पसंत पडलं, तर दालन काकांच्या ताब्यात, आणि त्यांची सातही यंत्रं तिथे नेऊन ठेवायची. काकांना तरुणासारखी झोप येईना. काकूंनी तर लेकीच्या खोलीला कोणता रंग द्यायचा, हेही मनात ठरवून टाकलं. देवाला त्यांनी दोन दिवस दुसरं काही मागितलं नाही. एवढं मोठं काम हाती घेतलेल्याला आणखी त्रास कशाला?

काकांनी ते कपाट जीव ओतून केलं. लाकडाचा निघालेला पापुद्रा सरसाने बसवला, जुनं पॉलिश खरवडून न काढता कापडाच्या बोळ्याने थोडं थोडं मऊ करून जागच्या जागी पसरवलं, मोटरीतलं घट्ट झालेलं वंगण काढून नवं घातलं. डॉक्टरीणबाईंना बोलावलं, दारं उघडली, तबकडी लावली.

डॉक्टरीणबाई मान कलती करून ऐकत राहिल्या. मग अगदी संकोचाने म्हणाल्या, "छान झालंय हो. पण मागे काहीतरी गुणगुणतंय. बाटलीत माशी अडकल्यासारखं."

काका हसले. पुन्हा लावलं, स्वतः कान भोंग्याशी नेला, आणि आवाज आरशासारखा स्वच्छ असल्याचं सांगितलं. वयाप्रमाणे कानात असे आवाज होतात, एकदा दाखवून घ्या, असंही वर सुचवलं. डॉक्टरांच्या बायकोला हे सुचवायला काकाच हवेत. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"ही सांगेल. खोटं बोलायची नाही. काय गं, येतंय का काही ऐकू?"

काकूंना ते गुणगुणणं पहिल्या फेऱ्यापासून ऐकू येत होतं. नुसतं ऐकू येत नव्हतं, दाताला लागत होतं. पण परक्या माणसासमोर नवऱ्याचा शब्द खाली पाडायचा? आणि खरं सांगायचं, तर त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे लेकीची खोली उभी होती. फिकट हिरवी.

"नाही बाई," काकू म्हणाल्या, "मला तर काही नाही आलं."

डॉक्टरीणबाई उठल्या. मग माझ्याच कानाचा दोष असेल, म्हणाल्या. चहाही पुरता न घेता गेल्या.

तासाभरापूर्वी देवापुढे बसून उठलेल्या बाईने इतक्या सहज थाप मारली, याचं काकूंना स्वतःलाच नवल वाटलं. पण खरी टोचणी त्या थापेची नव्हती. आतापर्यंत ज्या लहानसहान गोष्टी त्यांनी बाजूला सारल्या होत्या, त्या आता ओळीने समोर येऊन बसल्या. दाराची घंटा वाजली तरी काका हलत नसत. काकूंना वाटे, आळस. कुकरची शिट्टी किती झाली विचारलं तर "कोणती शिट्टी?" काकूंना वाटे, बेफिकिरी. लेक फोनवर बोलली की काका म्हणत, हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. बँकेतला माणूस तोंडातल्या तोंडात बोलायचा, दूधवाला बोलायचा, सगळं जगच पुटपुटायला लागलं होतं. फक्त फोनोग्राफ तेवढे खणखणीत.

आणि तिथेच मेख होती. ही जुनी यंत्रं धड असली, तर त्यांतून बारीक, टोकदार आवाज मुळात निघतच नाहीत. जे निघतात ते मधले, जाडे. काकांच्या कानातून नेमके टोकाचे आवाज गेले होते आणि मधले राहिले होते. म्हणजे दिवसभर ते अशाच यंत्रांपुढे बसत, जी त्यांच्या कानाला पुरेपूर होती. दुसरा कुणी असता तर त्याला वर्षभर आधी कळलं असतं. यांना कळायचं कसं?

काकूंना घाम फुटला तो वेगळ्याच विचाराने. इतकी वर्षं आपण देवाकडे घोडनवऱ्यांच्या नावाने शांतताच मागत होतो. त्याने मागणं ऐकलं, पण शांतता दिली ती भलत्याच माणसाला. पत्ता नीट सांगायला हवा होता.

आता दोनच वाटा होत्या. काकांना सांगावं, तर ते रविवारचं सगळं रद्द करून बसणार. माप चुकीचं निघाल्यावर दुकान उघडं ठेवणाऱ्यातले ते नव्हेत. न सांगावं, तर भरल्या दालनात चारचौघांच्या कानाला ती माशी ऐकू येणार, आणि काका मात्र हसतमुखाने भोंग्याशेजारी उभे राहून आवाज आरशासारखा असल्याचं सांगणार. हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि काकूंनी ताट बाजूला सारलं.

मग त्यांनी तिसरी वाट काढली. शहाणी माणसं दोन वाटांवर थांबतात.

शनिवारी काका डबाभर सुया आणायला बाजारात गेले. येणाऱ्या प्रत्येकाला काका जे समजावत, ते काकूंनी इतकी वर्षं भिंतीपलीकडून, फोडणी देता देता ऐकलं होतं. तबकडीवरची सुई ज्या गोल डबीत बसते, तो साउंडबॉक्स. त्यात अभ्रकाची पातळ चकती. तिच्या थरथरण्यानेच गाणं होतं. चकतीच्या दोन्ही बाजूंना रबराची कडी. रबर जुनं होऊन कडक झालं की चकती कडेला आपटते आणि गुणगुणते. एवढंच तर होतं. कडी बदलायची. रबराची नळी घरात होती. काकूंनी शिवणयंत्राच्या डबीतला पेचकस घेतला, देवाचं नाव घेतलं आणि साउंडबॉक्स स्वयंपाकाच्या ओट्यावर उलटा ठेवला.

पहिला स्क्रू हलेना. काकूंनी जोर लावला. पेचकस घसरला, स्क्रूच्या खाचेची कड चकाकली. दुसऱ्या स्क्रूला त्यांनी हातात फडकं घेतलं, जसं बरणीच्या झाकणाला घेतात. तोही आला, पण तोही चकाकून आला. कडी खरंच लाकडासारखी कडक झाली होती. आपलं निदान बरोबर ठरल्याचा काकूंना असा काही आनंद झाला की कडी ओढून काढताना हात जरा जास्तच उत्साहात गेला. चकतीच्या कडेचा नखाएवढा पापुद्रा सुटला आणि पिठाच्या परातीत पडला.

काकूंनी तो शोधला. पिठात अभ्रक शोधणं म्हणजे दुधात पाणी शोधण्यासारखं. सापडला, पण सापडून उपयोग काय? त्यांनी सगळं होतं तसं जोडलं, साउंडबॉक्स जागेवर बसवला, कणीक मळायला घेतली आणि त्या दिवशीच्या पोळ्या इतक्या लाटल्या की चार माणसं जेवून उरल्या असत्या.

काका आले. नवी सुई लावायला साउंडबॉक्स हातात घेतला आणि थबकले. चष्मा कपाळावर गेला. उजेडाकडे धरून त्यांनी दोन्ही स्क्रू बघितले.

"कुणा अडाण्याने हात लावलाय याला," काका म्हणाले.

काकू पोळपाटावरून नजर न काढता म्हणाल्या, "त्या अडाण्याने आज पोळ्याही केल्यात. जेवायला बसा."

काका बसले नाहीत. ते आत आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, का उघडलंस.

"गुणगुणत होतं म्हणून."

"तू तर त्या दिवशी नाही म्हणालीस."

"खोटं बोलले."

काकांनी साउंडबॉक्स ओट्यावर ठेवला. शेगडीवर कुकर होता. त्याने शिट्टी दिली, अगदी दोघांच्या मध्ये. काकू दचकल्या, काका नाही. काकूंनी कुकरकडे बघितलं, मग काकांकडे. काकांनी आधी काकूंचा चेहरा बघितला आणि मग, सावकाश, कुकरच्या तोंडावरची वाफ. ती वाफ विरेपर्यंत ते बघत राहिले.

"आत्ता वाजली?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मान डोलावली.

काका बाहेर जाऊन आपल्या खुर्चीत बसले. वाचनालयात निरोप धाडतो म्हणाले. ज्याचा काटा चुकतो त्याने तराजू धरू नये; असल्या माणसांची दुकानं आपण स्वतः बंद केलीत, आता स्वतःला कशी सूट देणार? आवाज अगदी शांत होता. काकूंना तो शांतपणा मुळीच आवडला नाही. घरात हव्या असलेल्या शांततेचा हा नमुना असेल, तर ती परत घ्यावी असं त्यांना फार वाटलं.

हात पिठाचे होते. तशाच त्या बाहेर आल्या आणि समोर स्टुलावर बसल्या.

"अहो, तुमच्या कचेरीत ती पितळी वजनं होती ना, मखमलीच्या पेटीतली? ज्यांच्यावर सगळ्या बाजाराची वजनं तोलून बघायची?"

"प्रमाण वजनं."

"ती कधी चुकायचीच नाहीत?"

"चुकायची की. झिजतात. ती आम्ही ठरल्या वेळी वरच्या कचेरीत पाठवायचो, त्यांच्या वजनांवर तोलायला."

"मग तेव्हा कचेरीला कुलूप लावत होतात का?"

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून घेतला.

"वजन तपासायला पाठवायचं असतं," काकू म्हणाल्या. "विहिरीत टाकायचं नसतं. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि उद्यापुरता माझा कान घ्या. फारसा वापरलेला नाही."

काकांच्या मिशीत काहीतरी हललं. स्क्रूच्या बाबतीत मात्र काही सवलत मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं. ते दोन स्क्रू त्यांनी एका डबीत घालून ठेवले, आणि अजूनही कुणी आलं की अडाणी हात कसा ओळखावा हे त्या स्क्रूंवरूनच दाखवतात. काकू तेवढ्या वेळात चहा टाकायला आत जातात.

त्या दुपारी दोघं कपाटापुढे बसले. काकांनी दुसऱ्या एका मोडक्या साउंडबॉक्समधली अभ्रकाची शाबूत चकती काढली, नव्या नळीच्या दोन कड्या कापल्या, चकती मधोमध बसवली. मग स्क्रू थोडा आवळायचा, तबकडी लावायची आणि काकूंकडे बघायचं. काकू डोळे मिटून बसल्या. माशी आहे, म्हणाल्या. पुन्हा आवळलं. माशी आहे, पण बाहेर गेलीय, खिडकीवर बसलीय. काकांनी हे कोणत्या मापात धरायचं ते विचारलं. काकू म्हणाल्या, तुम्ही आवळा, मी सांगते. तिसऱ्यांदा स्क्रू उलटा सैल केला तेव्हा गाणाऱ्या बाईचा आवाज एकदम कपाटातून उठून खोलीत आला आणि काकूंनी डोळे उघडले. काकांना फरक कळला नव्हता. त्यांनी तो काकूंच्या तोंडावर वाचला आणि हात काढून घेतला.

इतकी वर्षं हा गोंगाट आपल्याला आवडत नाही, असं काकू सगळ्यांना सांगत आल्या होत्या. कोणत्या कपाटाचा आवाज कसा असायला हवा, हे आपल्याला इतकं बारीक कसं ठाऊक, याचं उत्तर त्यांनी त्या दिवशी द्यायचं टाळलं. कुणी विचारलंही नाही, हे बरं झालं.

रविवारी दालन भरलं. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत होत्या. काकांनी यंत्राला हात लावण्याआधी त्यांच्यापुढे जाऊन हात जोडले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

"गुणगुणत होतं. यांना ऐकू आलं, मला आलं नाही, आणि मी उलट यांनाच कान दाखवायला सांगितलं. कान माझा दाखवायचा आहे. या यंत्राचा आवाज आमच्या घरातून तपासून आणलाय. तपासणारी तिकडे कोपऱ्यात बसलीय, तिला विचारा."

सगळ्या माना वळल्या. काकूंना जमीन दुभंगली असती तर हवी होती, पण वरच्या मजल्यावर तीही सोय नव्हती. काकांनी सुई ठेवली. डॉक्टरीणबाईंनी मान कलती केली, ऐकलं, आणि मागे वळून काकूंकडे बघून हसल्या. ते हसू काकूंना पुरतं कळलं. त्या दिवशीच्या "नाही बाई"ची परतफेड होती ती, आणि ती मऊ होती.

चिटणीसांनी दालन काकांच्या स्वाधीन केलं. अट एकच: दर रविवारी काकूंनीही यायचं. यंत्र चालवणारा आणि ऐकणारी, दोघं मिळून एक माणूस म्हणून धरू, म्हणाले. शिवाय दालनाची जमीन नवी, एवढं वजन झेपेल का, याची त्यांना जरा शंका होती. तेव्हा तूर्त काकांची दोनच कपाटं आणा. उरलेल्यांचं पुढे बघू.

सातांतल्या दोघी उजवल्या. पाच घरातच राहिल्या. लेकीच्या खोलीची एक भिंत मोकळी झाली, तेवढ्या भिंतीला काकूंनी फिकट हिरवा रंग देऊन घेतला. बाकीच्या तीन अजून पिवळ्याच आहेत.

कानाच्या डॉक्टरांनी काकांना यंत्र दिलं, वाटाण्याएवढं. घरी आल्यावर काकांनी ते लावलं आणि भेदरून इकडे तिकडे बघितलं. पंखा एवढा करकरतो? नळ गळतोय, कधीपासून? तुझ्या बांगड्या सतत वाजतात का गं? काकू म्हणाल्या, लग्नापासून. काका तो दिवसभर घरात लहान मुलासारखे फिरले. डबे उघडून झाकणं लावून बघितली, वर्तमानपत्राचं पान उलटून बघितलं. संध्याकाळी लेकीचा फोन आला, तेव्हा ते म्हणाले की तिचं बोलणं बरंच सुधारलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू देवापुढे बसल्या. मन भरून आलं होतं. आधी आभार मानले, मग लेकीला सांभाळ, जावयाचं पोट सांभाळ, शेजारणीला समज दे. मग आवाज आणखी खाली नेऊन, हात घट्ट जोडून त्या पुटपुटल्या, "आणि उरलेल्या पाच जणींचंही लवकर जमव रे बाबा. यांना कळू देऊ नकोस."

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली.

"ऐकू येतंय," काका म्हणाले.

तेव्हापासून काकू देवाशी मनातल्या मनात बोलायला शिकताहेत. जमत नाही. ओठ हलतातच.